इतिहासाला हसू वर्ज्य का? : उत्तर पेशवाईची कथने आणि सातारा-सांगलीचा वाङ्मयीन वारसा

प्रस्तावना

मराठी ऐतिहासिक कादंबरीचा अभ्यास बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे : तिच्यात सत्य किती आणि कल्पित किती? हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु त्याच्या आड दुसरा एक प्रश्न राहून जातो. वीररस, करुणरस आणि शृंगार यांना या कादंबरीने उदार मनाने जागा दिली, मग हास्यरसाला उंबऱ्याबाहेर का ठेवले? एखादा भित्रा नोकर, एखादा वाचाळ भटजी किंवा चलाख पोरगा हशा पिकवण्यापुरता येऊन जातो, हे खरे. पण जिची दृष्टीच विनोदी आहे, जिचा नायक मुलुखभर भटकतो, फसतो, फसवतो, प्रेमात पडतो आणि या साऱ्यातून एक काळ उभा करतो, अशा ऐतिहासिक कादंबरीची ठळक परंपरा मराठीत निर्माण झाली नाही.

याचे कारण मराठी माणसाला विनोदाचे वावडे आहे, असे म्हणता येणार नाही. ज्या भाषेत तमाशातील सोंगाड्या शतकाहून अधिक काळ राजाची टोपी उडवीत आला, तिथे हा तर्क टिकत नाही. प्रस्तुत लेखात या अभावाचा शोध सातारा व सांगली या परिसराच्या आधारे घेतला आहे. मराठ्यांच्या इतिहासलेखनाची आणि तमाशाची, अशा दोन्ही घराण्यांची मुळे याच मातीत शेजारी शेजारी रुजली. आणि तरीही ती एकमेकांशी फारशी बोलली नाहीत, हे या परिसराचे वैशिष्ट्य आहे.

१८२६ : दोन पुस्तके, एक सातारा

१८२६ साली लंडनमध्ये मराठ्यांविषयी दोन इंग्रजी पुस्तके प्रसिद्ध झाली. पहिले जेम्स ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास. पेशवाईच्या अस्तानंतर डफ यांनी साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी कंपनीचे प्रतिनिधी म्हणून काम केले होते आणि तेथे मिळालेल्या कागदपत्रांचा त्यांच्या ग्रंथाला मोठा आधार होता. दुसरे पुस्तक 'पांडुरंग हरी'. ते निनावी निघाले. लेखक विल्यम ब्राऊन हॉकली हे मुंबई इलाख्यातील मुलकी सेवेत राहून गेलेले अधिकारी होते.

'पांडुरंग हरी' ही एका हिंदू माणसाची आत्मकथा असल्याचा बहाणा करते. जन्माचा पत्ता नसलेला, मराठी छावणीच्या आश्रयाने वाढलेला एक मुलगा उत्तर पेशवाईच्या धामधुमीत मुलुखभर भटकतो. नाना प्रकारच्या लोकांच्या हाती सापडतो, सुटतो, सगुणा नावाच्या मुलीवर जीव जडवतो आणि अखेरीस तो उच्च कुळातला असल्याचा उलगडा होतो. इतिहास, विनोद, प्रणय आणि प्रवास ही चारही अंगे येथे एकत्र आहेत. जेम्स मोरियर यांची 'हाजी बाबा' ही इराणी भटक्याची कथा १८२४ साली गाजली होती. हॉकली यांचे पुस्तक त्याच साच्यातले आहे.

मात्र या हास्याची रचना तपासली पाहिजे. कथेत 'मी' म्हणून बोलणारा पांडुरंग आहे आणि हसणारा मात्र पडद्यामागे आहे. पांडुरंग आपल्या लबाड्या निर्मळपणे सांगतो आणि त्या सांगण्यातूनच त्याच्या समाजाविरुद्धची साक्ष नोंदवली जाते. आरोपीच्याच तोंडून कबुलीजबाब वदवून घ्यावा, तशी ही प्रथमपुरुषी निवेदनाची योजना आहे. पुस्तकाच्या प्रास्ताविकात राजापासून रयतेपर्यंत सगळ्या मराठ्यांना कृतघ्न व बेइमान ठरवून लेखकाने आपला हेतू झाकूनही ठेवलेला नाही.

या पुस्तकाची दुसरी सातारकडी अधिक बोलकी आहे. १८७३ साली त्याची नवी आवृत्ती निघाली, तिला प्रस्तावना होती सर बार्टल फ्रिअर यांची. फ्रिअर १८४७ मध्ये साताऱ्यास रेसिडेंट म्हणून आले. १८४८ मध्ये शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांचे निधन झाले, तेव्हा दत्तकाचा वारसा मान्य करावा असे त्यांचे मत होते. तरीही डलहौसींनी राज्य खालसा केले आणि पुढे १८५० पर्यंत त्याच साताऱ्याचा कारभार फ्रिअर यांनी पाहिला. ज्या गादीच्या वारसाहक्काच्या बाजूने ते बोलले, त्या गादीच्या माणसांचे विडंबन करणाऱ्या पुस्तकाची त्यांनी पुढे शिफारस केली. ही विसंगती एका व्यक्तीपुरती नाही. सहानुभूती आणि उपहास ही राज्यकर्त्याच्या एकाच नजरेची दोन अंगे असू शकतात, हे तिच्यातून दिसते.

गांभीर्य : एक प्रत्युत्तर

या दोन पुस्तकांपैकी पहिल्याला मराठी विद्वानांनी थेट उत्तर दिले. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७-६८ च्या सुमारास डफ यांच्या ग्रंथावर केलेली टीका ही आधुनिक मराठी इतिहासमीमांसेची नांदी मानली जाते. दुसऱ्या पुस्तकाला असे थेट उत्तर मिळाले नाही. परंतु १८७१ साली पुस्तकरूपाने आलेली रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' ही पहिली मराठी ऐतिहासिक कादंबरी म्हणजे त्या वृत्तीला दिलेले अप्रत्यक्ष उत्तर होते, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. तिने शिवकाल निवडला. उतरणीचा काळ टाळून चढणीचा काळ निवडला. हरिभाऊ आपटे यांचा प्रवासही सूचक आहे. 'म्हैसूरचा वाघ' ही त्यांची आरंभीची ऐतिहासिक कादंबरी मेडोज टेलर यांच्या इंग्रजी कादंबरीवर बेतलेली होती; पुढे 'उषःकाल'मध्ये त्यांनी स्वतःचा सूर शोधला आणि तो सूर स्वराज्याच्या पहाटेचा होता.

ज्याच्यावर दुसरे हसले आहेत, तो स्वतःवर सहजासहजी हसत नाही. आपला इतिहास हास्यास्पद ठरवला गेल्यानंतर तो आदरणीय ठरवणे हे एकोणिसाव्या शतकातील लेखकाचे पहिले कर्तव्य झाले. त्या परिस्थितीत गांभीर्य हा अवगुण नव्हता; ती ढाल होती.

ही ढाल घडवण्यात सातारा-सांगली परिसराचा वाटा मोठा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो वाईस सापडलेल्या दप्तराच्या आधारे. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेस शिक्षकाची नोकरी सांभाळून पटवर्धनी दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यास कागदपत्रे, चित्रे व ऐतिहासिक वस्तूंचा मोठा संग्रह जमवला. एकेका कागदासाठी पायपीट करणाऱ्या या पिढीला इतिहास ही थट्टेची गोष्ट वाटणे शक्यच नव्हते.

विसाव्या शतकात हीच भूमिका सर्वांत ठळकपणे निभावली ती सातारा जिल्ह्यात जन्मलेल्या ना. सं. इनामदार यांनी. 'झेप' (१९६३) मध्ये त्रिंबकजी डेंगळे, 'झुंज' (१९६६) मध्ये यशवंतराव होळकर आणि 'मंत्रावेगळा' (१९६९) मध्ये दुसरा बाजीराव, अशी इतिहासाने बदनाम केलेली माणसे त्यांनी निवडली आणि त्यांची बाजू मांडली. काळ तोच, जो 'पांडुरंग हरी'चा आहे. हॉकली यांनी ज्या काळावर खटला भरला, त्याच काळाचे वकीलपत्र इनामदारांनी घेतले. वकिली उत्तम झाली. पण न्यायालयात आरोपीने वा वकिलाने हसायचे नसते. उत्तर पेशवाईच्या माणसाला या कादंबऱ्यांत प्रतिष्ठा मिळाली. त्याचे हसू मात्र परत मिळाले नाही.

ठाण्याचा मोतद्दार

हे हसू मुळात होते काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्याचे उत्तर त्रिंबकजींच्या चरित्रातच आहे. गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या प्रकरणात इंग्रजांनी त्रिंबकजींना ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. एतद्देशीय शिपाई फितूर होतील या भीतीने पहारा गोऱ्या सैनिकांचा ठेवला. पुढे एक साधासुधा दिसणारा मराठी मोतद्दार एका इंग्रज अधिकाऱ्याकडे नोकरीस राहिला. कैद्याच्या खिडकीखालच्या बाजूस घोड्याचा खरारा करताना तो मोठ्याने गाणी म्हणत असे. घोडा कुठे उभा आहे आणि साथीदार कुठे दडले आहेत, हे सारे त्या गाण्यांत होते. पहारेकऱ्यांना मराठीचे अक्षर कळत नव्हते. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले आणि पुढे शंभूमहादेवाच्या डोंगररांगांत, आजच्या सातारा-सोलापूरच्या सीमाभागात, रामोशी व इतर लढवय्यांच्या सोबतीने वावरले. बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी आपल्या प्रवासवर्णनात ही हकिकत नोंदवली आहे.

या प्रसंगाची वीण पाहावी. सावधगिरी म्हणून ठेवलेला गोरा पहाराच पलायनाला साहाय्यक ठरतो. राज्यकर्त्याचे सामर्थ्य जिथे सर्वांत अधिक, तिथेच त्याचे अज्ञान उघडे पडते. शस्त्र आहे ते गाण्याचे, आणि ते चालवणारा आहे एक नावही न उरलेला चाकर. येथे विनोद बाहेरून लावलेला नाही. तो घटनेच्या पोटात आहे. 'पांडुरंग हरी'तील हास्य एतद्देशीयांवर कोसळते, येथील हास्य राज्यकर्त्यावर उलटते. हा मोतद्दार ज्या कादंबरीचा नायक होईल, अशी विनोदी, साहसी ऐतिहासिक कादंबरी मराठीत लिहिता आली असती. आपली नजर मात्र खिडकीच्या वर, कैद्यावर खिळून राहिली.

स्वतःवर हसणारा प्रवासी

आपले हसू आपल्याच भाषेत कसे उमटते, याचा एक नमुना कादंबरीच्या बाहेर सापडतो. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हा ग्रंथ सातारा-सांगलीचा नव्हे. लेखक कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसईचे. परंतु प्रस्तुत प्रश्नाला त्याच्याइतका उपयुक्त पुरावा दुसरा नाही. घरच्या कर्जाला कंटाळून, बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने हे भटजी काकांसह १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. मिळवलेले लुटले गेले आणि ते घरी परतले ते गंगेची कावड घेऊन.

विनोदी साहसकथेची चौकट यापेक्षा वेगळी काय असते? द्रव्यासाठी निघालेला माणूस पाणी घेऊन परततो. आणि त्याच पाण्याने आईवडिलांना स्नान घालून कृतार्थ होतो. इतिहास घडत असताना गोडसे भटजी जेवण, दक्षिणा आणि जीव यांची काळजी वाहतात, आणि ती काळजी लपवत नाहीत. या प्रांजळपणामुळे राणी लक्ष्मीबाईंचे दर्शनही अधिक खरे वाटते. काल्पीच्या वाटेवर थकलेली, तहानलेली राणी त्यांना विहिरीपाशी भेटते, तो प्रसंग वाचकाच्या मनाला भिडतो. सांगणारा स्वतःला वीर समजत नाही, म्हणूनच त्याने दाखवलेले वीरत्व विश्वासार्ह ठरते. हसू आणि आदर यांचे वैर नाही, हे येथे सिद्ध होते.

या ग्रंथाच्या वाट्याला काय आले, हेही पाहिले पाहिजे. १८८३ मध्ये लिहिलेले हे हस्तलिखित चिं. वि. वैद्य यांनी लेखकाच्या निधनानंतर १९०७ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा त्यात भाषेचे आणि मजकुराचे बदल केले. मूळ संहिता वाचकांसमोर यायला दत्तो वामन पोतदार यांच्या १९६६ च्या आवृत्तीपर्यंत वाट पाहावी लागली. म्हणजे जे हसू कागदावर उतरले होते, तेही जवळजवळ साठ वर्षे गाळून घेतलेल्या रूपात वाचले गेले.

नाव असलेला राजा, नाव नसलेला राजा

आता पुन्हा सांगली परिसराकडे वळू. तासगाव तालुक्यातील सावळजच्या उमा-बाबू यांनी रचलेला 'मोहना-बटाव' हा १८६५ चा वग तमाशातील पहिला वग मानला जातो. प्रणय आणि साहस हेच त्याचे द्रव्य. 'मोचनगड' त्यानंतर सहा वर्षांनी आली. अद्भुतरम्य कथेच्या या दोन वाटा एकाच दशकात फुटल्या. एक मुंबईच्या छापखान्यात, दुसरी गावच्या जत्रेत. पुढे वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथील पठ्ठे बापूराव यांनी तमाशाची ही वाट राजरस्त्याइतकी रुंद केली.

तमाशाने राजाची थट्टा मनसोक्त केली. पण कोणत्या राजाची? वगातील राजा बहुधा कुठल्यातरी नगरीचा असतो. त्याला मुकुट असतो, प्रधान असतो, कोतवाल असतो, सनावळी नसते. ज्याला सनावळी आहे, तो राजा पोवाड्यात जातो. एकाच फडाचा शाहीर पोवाडा गाताना डफावर थाप मारतो आणि वगात शिरताच सोंगाड्याला मोकळे सोडतो. पण या दोन राजांची गाठ पडू देत नाही. नाव असलेला राजा पोवाड्याचा, नाव नसलेला राजा वगाचा, ही मराठी संस्कृतीने केलेली अलिखित वाटणी आहे. ऐतिहासिक कादंबरीने पोवाड्याचा वारसा घेतला आणि वगाचा नाकारला. तिच्यात हसू नसण्याचे मूळ कारण प्रस्तुत लेखिकेस येथे दिसते. वसाहतकाळातील अपमानाने ही वाटणी निर्माण केली नाही. त्याने ती पक्की केली.

या वाटणीची सर्वांत लक्षणीय साक्ष वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांच्या साहित्यात मिळते. वारणेच्या खोऱ्यातील बंडखोराची कथा सांगणारी त्यांची 'फकिरा' (१९५९) ही कादंबरी इतिहास व अद्भुतरम्यता यांच्या सीमेवर उभी आहे. शिगावची जोगणी आणण्यासाठी प्राण देणारा राणोजी, दुष्काळात खजिना लुटून उपाशी माणसांना जगवणारा त्याचा मुलगा फकिरा, गबऱ्या घोडा, आणि आपल्या माणसांना सोडवण्यासाठी पत्करलेली शरणागती : हे सारे पोवाड्याच्या उंचीवरून सांगितले आहे. 'अकलेची गोष्ट' या त्यांच्या लोकनाट्यात सोंगाड्याची धारदार जीभ आहे, आणि १९६१ च्या रशियाभेटीवरील प्रवासवर्णनात कुतूहलाने जग पाहणारा मिस्कील प्रवासी आहे. इतिहास, हास्य आणि प्रवास ही तिन्ही सामर्थ्ये एकाच लेखकाकडे होती. पण ती तीन वेगळ्या पुस्तकांत राहिली. जो लेखक तमाशाच्या बोर्डावर वाढला, त्यालाही फकिराला हसवावेसे वाटले नाही; कारण फकिराच्या समाजाला इतिहासात सन्मानाची जागा अजून मिळायची होती. गांभीर्य ही ढाल असते, हे विधान येथे नव्या अर्थाने खरे ठरते.

ही वाटणी मोडण्याचा प्रयत्न झाला तेव्हा काय घडले, तेही विसरता येत नाही. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' (१९७२) या नाटकाने नाव असलेल्या माणसाला, नाना फडणविसांना, लोकनाट्याच्या रिंगणात उभे केले. मोजक्या प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबवले, थिएटर अकॅडमीने १९७४ पासून ते पुन्हा उभे केले आणि १९८० च्या युरोप दौऱ्याच्या वेळीही विरोध झाला. तेंडुलकरांनी हे ऐतिहासिक नाटक नव्हे असे बजावूनही वादळ शमले नाही. प्रेक्षक नावाला बांधलेले होते. नाना फडणवीस या नावाऐवजी 'अमुक नगरीचा प्रधान' असता, तर तेच नाटक वग म्हणून निर्वेधपणे चालले असते.

एक आक्षेप आणि एक उदाहरण

हास्याची बाजू मांडताना एक सावधगिरी आवश्यक आहे. हसू आपोआप न्यायी नसते. हॉकली यांचे हसू वरून खाली कोसळते, हे आपण पाहिले. आपल्या घरचे हसूही अनेकदा खालीच वाहिले आहे. गोडसे भटजी झाशीतील नारायणशास्त्री आणि एका सफाई करणाऱ्या स्त्रीचे प्रेमप्रकरण रंगवून सांगतात, तेव्हा गावाचा गोंधळ हास्यास्पद होतो हे खरे. पण त्या स्त्रीची बाजू कोणी विचारत नाही. तमाशातील मावशी आणि सोंगाड्या यांच्या बोलण्यात स्त्रियांवरचे विनोद विपुल आहेत. म्हणून 'इतिहासात विनोद हवा' एवढे म्हणून भागत नाही. कोण कोणाला हसतो आणि कोणत्या पायरीवर उभा राहून हसतो, ही कसोटी समीक्षेने लावली पाहिजे.

परक्याच्या उपहासाचे काय करावे, याचे एक उत्तर इराणने दिले. मोरियर यांची 'हाजी बाबा' इराण्यांची यथेच्छ टवाळी करते. मिर्झा हबीब इस्फहानी यांनी तिचा असा जिवंत फारसी अनुवाद केला की परक्याची टवाळी स्वकीयांची आत्मपरीक्षा झाली. हा अनुवाद १९०५ मध्ये कलकत्त्यास छापला गेला. इराणी संविधानवादी चळवळीच्या काळात तो वाचला गेला आणि आधुनिक फारसी गद्याच्या जडणघडणीत त्याला मानाचे स्थान मिळाले. पुस्तक तेच, हसणारा बदलला आणि अर्थ बदलला. 'पांडुरंग हरी'ला मराठीत असा मिर्झा हबीब मिळाला असता, तर आपल्या ऐतिहासिक कादंबरीची कुळकथा कदाचित वेगळी झाली असती.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष संभवतात. मराठी ऐतिहासिक कादंबरीतील हास्याचा अभाव हा प्रतिभेचा अभाव नाही. त्यामागे दोन कारणे एकमेकांत गुंतली आहेत : राज्यकर्त्यांच्या उपहासाला द्यावे लागलेले प्रत्युत्तर, आणि पोवाडा व वग यांच्यात आधीपासून असलेली नाव-अनावाची वाटणी. पहिले कारण १९४७ मध्ये संपायला हवे होते. दुसऱ्याने ते जिवंत ठेवले. शिवाय ज्या समाजांना इतिहासात अजून स्थान मिळवायचे होते, त्यांच्यासाठी गांभीर्याची गरज स्वातंत्र्यानंतरही उरली, हे 'फकिरा' दाखवते.

हा प्रश्न केवळ वाङ्मयेतिहासाचा नाही. आपल्या महाविद्यालयांत बसणारा विद्यार्थी गावच्या जत्रेत सोंगाड्याला दाद देतो आणि ऐतिहासिक कादंबरी हाती घेताच हात जोडतो. त्याच्या लेखी एक करमणूक असते, दुसरे दैवत. आणि दैवताला प्रश्न विचारण्याची सवय त्याला लागत नाही. अध्यापकांनी 'झेप' शिकवताना ठाण्याच्या मोतद्दाराची हकिकत सोबत वाचावी, 'उषःकाल'शेजारी 'माझा प्रवास' ठेवावा, 'फकिरा' आणि 'अकलेची गोष्ट' एकाच तासिकेत आणावीत. त्यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही. विद्यार्थ्याला निदान एवढे उमगेल की इतिहासातील माणसे भीत होती, फसत होती, प्रेमात पडत होती आणि वेळप्रसंगी मोठ्याने गाणे म्हणून पहारेकऱ्याला चकवतही होती. अशा माणसांविषयी वाटणारा आदर हात जोडण्यातून आलेल्या आदरापेक्षा अधिक टिकाऊ असतो.